झाले का, ते आईले विचारावे

वणी, जि. यवतमाळ
१६ जानेवारी

आदरणीय विमलताईंना पंजाबरावचा सविनय जयभीम.

तुमचा डावा गुडघा कसा आहे? पांढरकवड्याहून कोणी इकडे आलं की मी आधी त्याला चहा पाजतो आणि मग सहज विचारल्यासारखं तुमच्या गुडघ्याचं विचारतो. शेवटची बातमी दिवाळीतली आहे, त्यामुळे सध्या तुम्ही जिना चढता की नाही हे मला माहीत नाही. (तुमच्या बहिणीसमोर, साधनासमोर, विचारायची सोय नाही. तुमचं नाव या घरात सहा वर्षांपासून निघत नाही, हे तुम्ही जाणताच. तुमच्याही घरात आमचं निघत नसेल. तक्रार नाही.) आम्ही इथे सुखरूप आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. प्रत्यक्षात माझा उजवा डोळा आज पाचव्या दिवशीही अर्धाच उघडतो, तेव्हा अक्षर ओळीच्या बाहेर गेलं तर समजून घ्यावं. कोळसा खाणीच्या हजेरी कार्यालयात चौतीस वर्षं मी सरळ ओळीत लिहिलं. हातात काही दोष नाही, दोष डोळ्यात आहे, आणि तो कसा आला हे सांगण्यासाठीच हे पत्र. फोन केला असता, पण साधनाचे कान तुम्हाला माहीत आहेत.

तर झालं असं. आपल्या राजदीपचं लग्न जमतंय. मुलगी मारेगावची, नाव वैष्णवी, नागपूरला नोकरी करते, आणि हसते फार चांगली. गेल्या रविवारी ती आणि तिचे आईवडील साक्षगंधाची तारीख काढायला येणार होते. आता या पोराने बोलण्याच्या भरात तिला सांगून ठेवलं की आमच्या आजीच्या हातच्या गोडांबीच्या लाडवासारखा लाडू अख्ख्या जिल्ह्यात मिळणार नाही. आजी जाऊन सहा वर्षं झाली, हे त्याने सांगितलं नाही. मुलीने घरी सांगितलं, घरच्यांनी फोनवर साधनाला सांगितलं, की आम्ही लाडू खायलाच येतोय. साधनाने ‘या’ म्हणून फोन ठेवला. पाहुण्यांसाठी स्वयंपाकाचं मोठं गंज काढायला म्हणून ती माळ्यावर चढली, आणि तिथून अशी किंचाळली की मला वाटलं विंचूच चावला. धावत गेलो तर बाई शिडीच्या तिसऱ्या पायरीवर बसलेली, आणि मांडीवर सासूबाईंची पाककृतींची वही.

होय, तीच. निळ्या पुठ्ठ्याची. जिच्यावरून तुमच्या माहेरी सासूबाईंच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, पंगत उठायच्या आत, तुम्ही दोघी सख्ख्या बहिणी चारचौघांत भांडलात. तुम्ही म्हणालात, “ते वही माही आहे, मले दे.” साधना म्हणाली, “आईनं सोताच्या हातानं लिहिलेली वही तुही कशी वं? आन् लपवली तूच, आता मलेच मांगून राह्यली!” तुम्ही तोंड उघडलंत, मग मिटलंत, आणि पिशवी उचलून बस स्टँडवर गेलात. माझ्या डोळ्यासमोर आहे ते. आता वही हातात घेऊन साधना पहिलं वाक्य काय म्हणाली सांगू? “ताईनं नेली नोती.” एवढंच. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “मंग हे आपल्या माळ्यावर आली कशी?” मी म्हणालो, वस्तू कशाही येतात. आणि मी गंज खाली उतरवायला घेतलं.

त्या दिवसापासून आमच्या घरात वहीचं राज्य सुरू झालं. गॅस, मिक्सर, कुकर सगळ्यांना सुट्टी. वहीत असेल तेच आणि वहीत असेल तसंच. पण विमलताई, वहीत काय होतं! मी पहिलं पान वाचलं आणि हबकलो. “पीठ: पुरेल तेवढे. तेल: बाबा घरी असतील तर जास्त. तिखट: मोठी मावशी येणार असेल तर खूप.” आणि प्रत्येक कृतीच्या शेवटी, अगदी प्रत्येक, एकच सूचना: “झाले का, ते आईले विचारावे.” मी साधनाला म्हणालो, सासूबाईंनी लिहिलं आहे तर ही आई कोण? त्यावर तिने मलाच मूर्खात काढलं. म्हणे आमची आई तिच्या आईला किती मानायची, हे तुम्हाला काय कळणार. (पटलं मला. सासूबाई प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला जायच्या आणि ही वही मी लिहिली असं येईल त्याला सांगायच्या, हे मी स्वतः ऐकलं आहे. अक्षरही नव्याने शिकलेल्या माणसाचं असावं तसं मोठं मोठं, रेघेला लटकलेलं.)

सराव म्हणून बुधवारी कणकेचे रोडगे केले. वहीत लिहिलं होतं, “विस्तवात टाकावे.” कसला विस्तव ते लिहिलेलं नाही. गोवऱ्यांचा, हे कोणीही सांगेल, पण वणीत विस्तव म्हटलं की माणसाच्या डोळ्यासमोर एकच वस्तू येते. आमच्या मागच्या अंगणात जुनी शेगडी आणि पोतंभर दगडी कोळसा पडून आहे. साधनाने शेगडी पेटवली आणि आठ रोडगे आत सोडले. तासाभराने चिमट्याने एकेक बाहेर काढायला लागलो, तेव्हा रोडगा कोणता आणि कोळसा कोणता हे मला, चौतीस वर्षं खाणीत काढलेल्या माणसाला, सांगता येईना. शेवटी फेकून पाहिले. जे फुटले ते कोळसे. साधनाने त्यातला एक मला खायला लावला, कारण वहीत शेवटी काय लिहिलं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि विचारायला आई नव्हती म्हणून मला विचारलं. माझी खालची कवळी त्या दिवसापासून हलते.

तिथे थांबायला हवं होतं. पण शुक्रवारी लाडवांचं पान उघडलं. “बिब्बे घ्यावे. फोडावे. आतली गोडांबी काढावी.” तीन वाक्यं, आणि पान संपलं. मी म्हणालो, गोडांबी बाजारात सोललेली मिळते. साधना म्हणाली, “आई बजारातली आणे का? आईनं लिहिलं फोडावे, तर फोडावे.” निवृत्त माणूस घरात रिकामाच बसलेला असतो, असं बायकांना वाटतं, तेव्हा पाटा, वरवंटा आणि शेरभर बिब्बे माझ्यासमोर आले. माझं लहानपण यवतमाळच्या वसतिगृहात गेलं. बिब्बा म्हणजे धोबी कपड्यावर खूण करतो ती वस्तू, एवढीच माझी माहिती. साधनाला तरी ठाऊक असायला हवं होतं, पण सासूबाई बिब्बे फोडायला बसल्या की तिला अंगणातून हाकलून द्यायच्या, म्हणे. मी तीन तास मन लावून फोडले. मध्ये घाम पुसला. मिशीवरून हात फिरवला. कान खाजवला. (आणखीही काही ठिकाणी खाजवलं, ते तुम्हाला लिहिणं बरं नाही.)

शनिवारी सकाळी दाढी करायला आरशासमोर उभा राहिलो आणि मागे वळून पाहिलं, कारण आरशात दुसराच माणूस होता. खरं सांगतो, मी त्याला “कोण पाहिजे?” असं विचारलं. गाल फुगून खांद्याला टेकायच्या बेतात, ओठ उलटे, डोळ्यांच्या जागी दोन चिरा. साधना पाहायला आली आणि तिच्या हातातला चहा खाली पडला. शेजारच्या तांड्यावरच्या सुखीबाई दूध घेऊन आल्या होत्या, त्यांनी दारातूनच कपाळावर हात मारला. “बापा बापा! भाऊले बिब्बा उतला! हाताले तेल लावलं नोतं? राख लावली नोती?” साधना म्हणाली, “वहीत नोतं.” सुखीबाईंनी आधी बिब्ब्याच्या तेलाने माखलेली सगळी गोडांबी उकिरड्यावर फेकायला लावली, मग तीळ-खोबरं वाटून माझ्या तोंडावर थापलं, आणि मला दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरांनी सुई टोचली, गोळ्या दिल्या आणि विचारलं, हा उद्योग करायला कोणी सांगितलं? साधना म्हणाली, “माह्या आईनं.” तेव्हापासून त्या डॉक्टरांच्या नजरेत माझ्याबद्दल जी दया आहे, ती मला माझ्या लग्नात दिसायला हवी होती.

रविवारी पाहुणे वेळेवर आले. मुलीचे वडील धम्मरत्नभाऊ, अतिशय सभ्य गृहस्थ, दारात माझ्याकडे पाहून जे थांबले ते त्यांना मागून ढकलावं लागलं. लाडवांच्या जागी बाजारचे पेढे आणि चिवडा. अर्ध्या तासाने ते मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “पंजाबराव, राग मानू नका, पोरीचा बाप आहो. हे तुमच्याकडे पिढीजात आहे का?” मी हसलो. त्या तोंडाने हसायला नको होतं, ते आणखीच घाबरले. मग राजदीपनेच सगळं सांगितलं आणि पुरावा म्हणून वही आणली. वैष्णवीने ती हातात घेतली. जुनी पानं ओलाव्याने एकमेकांना चिकटली होती. तिने नखाने लाडवांचं पान हळूच सोडवलं आणि मागची बाजू सर्वांसमोर मोठ्याने वाचली. “पुढचे आई सांगत आहे, हाताले तेल का काय. पण मले खेळाले जायाचे आहे म्हणून लिहीत नाही. विमल, इयत्ता सहावी, तुकडी अ.”

सगळे हसले. धम्मरत्नभाऊ तर डोळे पुसून पुसून हसले, आणि त्या हसण्यातच एक फेब्रुवारी ही तारीख पक्की झाली. साधना तेवढी हसली नाही. ती आत गेली. पाहुणे गेल्यावर मी पाहिलं तर ओट्याला टेकून उभी, हातात रिकामा पेला. म्हणाली, “आईले लिहिताच येत नोतं. ताईले ठाऊक होतं. त्या दिवशी सांगितलं काहून नाही तिनं? एका शब्दात जितली असती.” तुम्ही त्या दिवशी तोंड उघडून का मिटलंत, हे मला सहा वर्षांनी, सुजलेल्या डोळ्यांनी दिसलं. चारचौघांत आईचं ते एक खोटं उघडं पडू नये म्हणून तुम्ही चोर ठरलात आणि चालत्या झालात. विमलताई, मला फार लाज वाटली. तेव्हापासून साधना धड जेवत नाही. रोज फोन उचलते, तुमचा नंबर काढते आणि ठेवून देते. म्हणते, “कोणत्या तोंडानं बोलू?” तिच्या तोंडाला तर काही झालेलं नाही, पण हे मी बोललो नाही.

एक तारखेला तुम्ही यावं. मुलाची मोठी मावशी नसेल तर ते साक्षगंध मी मानणार नाही. गुडघ्यासाठी मी खुर्चीची व्यवस्था करतो.

आपला नम्र,
पंजाबराव

ता. क. सहावी अ मधल्या त्या मुलीने राहिलेल्या ओळी आता तरी पूर्ण कराव्यात. खेळून झालं असेलच.

ता. क. दुसरा. हे आधी लिहायला हवं होतं, पण हिंमत होईना. वही माळ्यावर आपोआप आली नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी सासूबाईंचे कागद गोळा केले, त्यात ती आली आणि माझ्या सर्व्हिस बुकासोबत माझ्याच पेटीत बंद झाली. निवृत्तीचे कागद काढताना, चार वर्षांपूर्वी, मला सापडली. तेव्हा सांगायचं होतं. सोमवारी सांगू, असं ठरवलं, आणि असे पुष्कळ सोमवार गेले. राजदीपचं जमलं तेव्हा मीच गुपचूप ती गंजामागे ठेवली. तुमच्या दोघींची सहा वर्षं मी खाल्ली, ताई, आणि सुजलेलं तोंड ही त्यासाठी फार कमी शिक्षा झाली. आता मूळ विनंती. साधना रोज विचारते, वही माळ्यावर कशी आली. आपण कृपा करून असं सांगावं का, की पूर्वी कधी आमच्याकडे आल्या असताना आपणच ती तिथे ठेवून विसरलात? तुम्हाला गप्प राहण्याची सवय आहे, आणि मला या वयात घराबाहेर राहण्याची नाही. पत्र वाचून फाडून टाकावं.

ता. क. तिसरा. ताई, हे अक्षर माहं आहे, साधनाचं. हे बजारात पाकीट आणाले गेले, पत्र टेबलावर राह्यलं. सारं वाचलं. यायले काय म्हनाव ते अजून सुचलं नाही, घरी आले का सुचन. तुले खोटं बोलाची काही गरज नाही. आईसाठी एकडाव गप राह्यली, तेवढं लय झालं. मी लोकाइत तुले चोर म्हटलं आन् तू मले खोटं पाडलं नाही. मी सहा वर्षं वहीसाठी रडून राह्यली असं साऱ्याइले वाटे. वहीसाठी नाही रडत होती मी. हे पत्र पोस्टात टाकत नाही. सकाळच्या पहिल्या गाडीनं मीच घेऊन येऊन राह्यली. तू हे वाचशील तवा मी तुह्यासमोरच बसली असन. वाचून झालं का काही बोलू नोको. पाणी दे.