संत्र्याचं चाटण आणि पुरणाची चाळण

ती. ताईस,

वासूचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे हल्ली साष्टांग फक्त कागदावरच जमतो.) तुझी कंबर कशी आहे? तू पाठवलेली संत्र्यांची पेटी घेऊन तुझा नातू प्रणीत यशवंतपूर स्टेशनावर सुखरूप उतरला. तिथून जे. पी. नगरला आमच्या घरी यायला त्याला ट्रॅफिकमध्ये इतका वेळ लागला, की वाटेत पेटीतली निम्मी संत्री त्यानेच संपवली. उरलेल्यांची ही हकिगत.

आपली मैत्रेयी (सून म्हणायला जीभ वळत नाही, पोरगीच ती) दिवस गेल्यापासून काही खाईना. पोटात घोटभर पाणी ठरत नव्हतं. डॉक्टरीणबाई वजन बघून तोंड वाकडं करायच्या आणि शुभंकर ऑफिसच्या कॅबमधून फोन करकरून विचारायचा, ‘बाबा, काही खाल्लं का तिने?’ एके दिवशी ती हळूच म्हणाली, व्हाइटफील्डला ऑफिसात मसाल्याचं ऑरेंज कर्ड मिळायचं, ते खावंसं वाटतं. (दह्याशी संबंध नाही गं, संत्र्याचा रस, लिंबू, साखर, लोणी आणि अंडी आटवून केलेलं घट्ट चाटण. पावाला लावतात.) डोहाळे ते डोहाळे. मी मोबाइलवर बघून शिकलो. नाहीतरी आयुष्यात मला कुणी काय शिकवलंय?

अडचण अंड्यांची. तुझ्या भावजयीचा कायदा तुला ठाऊक आहेच: अंडं बाल्कनीत, पोचे आलेल्या पातेल्यात, ओट्याला शिवायचं नाही. पण ती धारवाडला भाचीच्या बाळाच्या बारशाला गेलेली. दुकानात अंडी मागितली तर विजापूरकडचा महांतेश सगळ्या गिऱ्हाइकांदेखत म्हणतो, ‘काय अण्णा, अक्का गावाला गेल्या जणू?’ मी म्हटलं, ‘स्वल्प हळू बोल की रे!’

पहिल्या खेपेला पिठल्यासारखा गॅस मोठा ठेवून घोटलं. वेलची, दालचिनी, सुंठ, सगळं प्रमाणात. पण झाली संत्र्याची भुर्जी. ती मीच खाल्ली. (वाईट नव्हती.) दुसऱ्या खेपेला मोदकपात्रात पाणी उकळून वर पातेलं ठेवलं आणि मंद आचेवर हात मोडेपर्यंत ढवळलं. दाट झालं, रंग तर केशरी पेढ्यासारखा, पण मध्ये अंड्याच्या बारीक गुठळ्या. चहाची गाळणी तुंबली. तेवढ्यात समोर खुंटीला पुरणाची चाळण दिसली. ताई, आईने तुम्हा नणंद-भावजयींना एकसारख्या घेतल्या होत्या, त्यातली! होळीच्या नैवेद्याखेरीज जी खाली उतरत नाही, तिच्यातून मी अंडं गाळलं. रेशमासारखं उतरलं हो! बरणीत भरतोय तोच दाराची बेल. तुझी भावजय एक दिवस आधीच हजर! चाळण घाईघाईने धुऊन कपाटात स्वेटरांखाली कोंबली. आत येताच तिने नाक वर केलं. ‘खीर केलीत वाटतं?’ मी म्हटलं, ‘जवळजवळ.’

संध्याकाळी मैत्रेयीने शिळ्या पोळीला ते लावून खाल्लं आणि आम्ही सगळे बाथरूमच्या दाराकडे बघत बसलो. पोरगी उठलीच नाही. उलट म्हणाली, ‘बाबा, चमचा द्या ना.’ ताई, मला एकदम कांदा चिरायला जावंसं वाटलं. बाकी सर्व क्षेम.

तुझा,
वासू

ता. क. : मुख्य मुद्दा राहिलाच. होळी तोंडावर आली आहे. अंडं लागलेल्या चाळणीतून नैवेद्याचं पुरण काढायला मन धजत नाही, आणि सांगायला त्याहून नाही. तुझी चाळण वर्तमानपत्रात गुंडाळून लगेच पाठव. मी गुपचूप खुंटीला लावीन. भावजयीला अवाक्षर कळू देऊ नकोस.

ता. क. (अक्षर माझं आहे, वन्सं) : पाकीट न चिकटवता हे पत्र टाकायला ह्यांनी मलाच दिलं. स्वेटरांखालची चाळण त्याच रात्री सापडली; ती आता बाल्कनीत, अंड्याच्या पातेल्याशेजारी टांगली आहे. होळीसाठी मी नवी घेतली. तेव्हा चाळण नको, संत्री पाठवा, आणि या खेपेला प्रणीतच्या हाती नको. बरणी संपत आली, पोरगी दोन वेळा जेवायला लागली आहे. पुढचं चाटण मी ढवळणार, ह्यांच्या हाताला धीर नाही. अंडी तेवढी हे फोडतील, मी तिकडे पाठ करून उभी राहीन.