डब्यातून येणारी मालिका

लातूर,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

मम्मी,

जयभीम. पप्पांनाही जयभीम. मी बरी आहे, जेवते, झोपते, फिजिक्सच्या टेस्टला बरे मार्क पडले. धपाटे संपले, चटणी अजून आहे. झालं सगळं सांगून. आता भांडते.

आज रविवार असून माझा फोन आला नाही म्हणून तू पप्पांना रेक्टर मॅडमकडं फोन लावायला लावला असशील. मी रांगेत उभी होते. माझा नंबर आला आणि मी मागं फिरले. त्या रांगेत पोरी कान लावून उभ्या असतात, दोन मिनिटांत 'हॅलो, जेवलीस का' एवढंच होतं. मला जे बोलायचंय ते दोन मिनिटांत मावत नाही. म्हणून हे पत्र वीरण्णा काकांच्या जीपनं, रिकाम्या डब्याच्या पिशवीत पाठवते. डबा घासायच्या आधी वाच.

तू मला खोटी मालिका सांगितलीस.

हाव ना, आपली 'उसनं अंगण'च. त्यातल्या शर्वरीला तिच्या आईनं संस्थेतून दत्तक आणलेलं, मला तू नांदेडहून आणलंस तसंच. म्हणून तर आपण दोघी उदगीरला एका सोफ्यावर बसून ती बघायचो. हॉस्टेलला आले, फोन जमा झाला, टीव्ही नाही, तेव्हा मी रडले होते की शर्वरीचं पुढं काय होतंय ते मला कळणार नाही. तूच म्हणालीस, रडू नको, मी लिहून पाठवते. जूनपासून दर शनिवारी डब्यासोबत त्या आठवड्याचे भाग. देवणीच्या शाळेतून दमून येऊन सुद्धा फळ्यावरच्या अक्षरात चार-चार पानं. मी ती खोलीत मोठ्यानं वाचायचे. आख्खा मजला जमायचा, मालविका तर उशी घेऊन यायची.

आणि काल अंजूनं माझं नाक कापलं. अंजू माझ्या क्लासमधली, इथंच लातूरला घरी राहते, रोज मालिका बघते. काल ती आमच्यासोबत मेसमध्ये जेवायला थांबली. विषय शर्वरीवर आला. तुझ्या कालच्याच पत्रातली शर्वरी, जन्माच्या आईसोबत निघून गेलेली, मागं वळूनसुद्धा न पाहिलेली. मालविका म्हणाली, "नालायक आहे ती पोरगी. ज्यांनी वाढवलं त्यांची काही किंमतच न्हाई." दुसरी म्हणाली, "सोळा वर्षांची तर आहे, तिला काय कळतंय?" उमाबाई, आमच्या मेसवाल्या, भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, "पोसलेल्या लेकराचं असंच असतंय बाई. कितीबी जीव लावा, येळ आली की तिकडंच पळतंय."

माझं डोकंच फिरलं. म्हणाले, सगळ्यांना एका दावणीला बांधू नका. शर्वरी मूर्ख आहे, पण खरी चोर ती बाई आहे, तिनंच फूस लावली, पोरीच्या गळ्यातली साखळीसुद्धा नेली. तर अंजू घास हातातच धरून माझ्याकडं बघायला लागली. "कोणती साखळी? अगं, शर्वरी कुठंच गेली न्हाई. तू कोणती शिरेल बघून राहिलीस?"

मी तिच्याशी भांडले, मम्मी. तुझ्यासाठी. म्हणाले, माझी मम्मी एक भाग चुकवत नाही, शिक्षिका आहे ती, तूच झोपा काढल्या असशील. सगळ्या मेससमोर म्हणाले! मग अंजूनं फोन काढला आणि भागच लावून दाखवला.

खऱ्या मालिकेतली बाई एका शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करते. साखळी नाही न् बिखळी नाही. शर्वरी तिच्याकडं गेली. दोघींनी पोहे खाल्ले. पोरीनं विचारलं, मला का दिलंस. बाईनं सांगितलं. दोघी रडल्या. आणि संध्याकाळच्या बसनं पोरगी घरी परत आली. आईनं दार उघडलं आणि म्हणाली, हातपाय धू, वाढते. संपला विषय! पुढच्या भागात काकाच्या प्लॉटचं भांडण सुरू.

सगळ्या पोरी हसून हसून लोळल्या. मालविका म्हणते, तुझ्या मम्मीचीच मालिका जास्त भारी आहे, पुढचे भाग मागव. मला काही हसू आलं नाही.

आज सकाळी टेस्ट झाल्यावर अंजूला गाठलं आणि तुझ्या एकेका पत्रातलं विचारत गेले. जून ते ऑक्टोबर सगळं बरोबर. शर्वरीच्या भावाचं भांडण बरोबर, तिचं नापास होणं बरोबर, आजीचं पडणंसुद्धा बरोबर. खोटं सुरू झालं ते दिवाळीच्या सुट्टीनंतर.

दिवाळीच्या सुट्टीत काय झालं होतं ते तुला माहीत आहे. तू मेथी निवडत होतीस. मी म्हणाले, डिसेंबरात मला अठरा पूर्ण होतील, आपण नांदेडच्या संस्थेत जाऊन विचारू या का, मला जन्म कुणी दिला ते. तू म्हणालीस, दूध उतू जाईल, आणि उठून गेलीस. गॅसवर दूध नव्हतं, मम्मी. पप्पांनी टीव्हीचा आवाज वाढवला. त्यानंतर लातूरची बस येईपर्यंत तू माझ्याशी फक्त स्वेटर आणि मोजे एवढंच बोललीस.

नाही म्हणायचं होतं तर नाही म्हणायचं ना! ओरडायचं होतं. मी रुसले असते, दोन दिवसांनी विसरले असते. पण तू काय केलंस? माझ्या प्रश्नाचं उत्तर एका मालिकेतल्या पोरीच्या तोंडून दिलंस, तेही खोटं.

आणि साखळी! साखळी कशाला मध्ये आणलीस? मी लहान असताना विचारलं होतं, माझं नाव महामाया का. तेव्हा तू विहारात बसून सांगितलंस, महामायेनं सिद्धार्थाला जन्म दिला, गौतमीनं वाढवलं, दोघींपुढं हात जोडायचे. म्हणालीस, तुला जन्म देणारीची आठवण आपल्या घरात राहावी म्हणून हे नाव ठेवलं. सतरा वर्षं मला त्या नावानं हाक मारलीस आणि आता तिलाच चोर करून टाकलंस? तिची बाजू घ्यायला इथं कुणी नाही. तू तिला बघितलेलं नाहीस, मी बघितलेलं नाही. कोण होती, कशात अडकली होती, आपल्याला काय माहीत?

पण खरं सांगू, तेही मी गिळलं असतं. मला लई लागलं ते दुसरंच. तू लिहिलंस, शर्वरी गेल्यावर तिची आई रोज तिचं ताट वाढते, बघत बसते आणि झाकून ठेवते. ते वाचताना आख्खा मजला रडला, मीपण रडले. मला वाटलं, काय लिहितात मालिकावाले! आता कळलं ते ताट कुणाच्या घरातलं आहे. रोज रात्री भाकरी टाकताना तू हाच विचार करत असतेस का? मालिकावाल्यांनी पोरीला संध्याकाळच्या बसनं घरी आणलं. त्या परक्या लोकांना जे सुचलं ते तुला सुचलं नाही. तुझ्या गोष्टीतली पोरगी परतच येत नाही. काहून येत नाही, मम्मी? मी असं काय केलं की तुला एवढी खात्री वाटावी?

एक सांगायचं राहिलं. सांगणार नव्हते. काल उमाबाई 'पोसलेल्या लेकराचं' म्हणाल्या, तेव्हा मी ताटावरून उठले आणि म्हणाले, मीपण संस्थेतून आणलेलीच आहे, आणि मला माझ्या आईशिवाय एक रविवार जात नाही. मग उमाबाईंनी गुपचूप येऊन माझ्या ताटात अजून एक भाकरी ठेवली, वर तूप. ती कीव बघून मला इतका संताप आला की मी ती तशीच टाकून आले. तुझ्या पोरीची कीव कुणी करायची नाही. तूसुद्धा नाही, आणि स्वतःचीही नाही.

आता ऐक. नीटची परीक्षा मेमध्ये होईल. झाली की आपण नांदेडला जायचं. अठरा झाल्यावर एकटीनं जाऊन अर्ज देता येतो म्हणे, अंजूनं शोधून सांगितलं. मला एकटीनं जायचं नाही. तू माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचंस. जे कळेल ते दोघींनी ऐकायचं. काही कळलं नाही तर गुरुद्वाऱ्याजवळ चहा प्यायचा आणि उदगीरची बस पकडायची. ती बाई भेटली तरी बस तीच पकडायची आहे.

पुढच्या शनिवारी डब्यासोबत मालिका पाठवू नकोस, मला अंजू सांगेल. तू उत्तर पाठव. हो किंवा नाही, पण तुझ्या तोंडचं.

तुझीच,
आणि हे लिहून सांगावं लागलं, याचाच मला सगळ्यात जास्त राग आलाय,

महामाया