अंगणात आडवं पडलेलं झाड

३ सप्टेंबर

सकाळी दार उघडलं तर दारात फांद्या. गेटजवळचं मोठं झाड मुळासकट पडलंय — अंगणभर आडवं, शेंडा थेट स्वयंपाकघराच्या खिडकीशी. काच शाबूत! रात्री वारा काय सुटला होता, पण घराला धक्का नाही. कपडे वाळत घालायची तार, न्हाणीवरचा पत्रा आणि चिरंजीवांनी दिलेली प्लास्टिकची खुर्ची, एवढंच गेलं. खुर्चीचं मला काडीचंही दुःख नाही. बसलं की पाय फाकायची.

हे मागून आले. चष्मा लावून बराच वेळ बघत उभे राहिले. "झाड पडलंय," म्हणाले. जन्मभर कचेरीत नकाशे काढले या माणसाने. बघितल्याशिवाय बोलायचं नाही, आणि बघितलं तरी फारसं बोलायचं नाही.

शेजारचं हवामान खातं कुंपणाशी हजर. गृहस्थ रोज आभाळाकडे बघून अंदाज सांगतात, म्हणून मीच ठेवलेलं नाव. वादळ बाजूने निघून जाईल असं काल छातीठोक सांगत होते. आज म्हणाले, "बाजूनेच गेलं हो, सिस्टर. ही नुसती त्याची कड होती."

४ सप्टेंबर

चिरंजीवांचा फोन. शेजारून फोटो पोचला असणार. "आई, आता बास झालं. तुम्हा दोघांना हे घर झेपत नाही. इथे दोन खोल्या पडून आहेत. थंडीच्या आत या."

छप्पर गळलं तेव्हाही हेच. मी पायरीवरून घसरले तेव्हाही हेच. मी म्हटलं, "आधी झाड आवरून होऊ दे. तोवर हा विषय नको." हे समोरच बसले होते. त्यांनी मान हलवली आणि पत्रा बघायला बाहेर गेले. मग मी चिरंजीवांना नीट सांगितलं — ऑक्टोबर संपता संपता ये. अंगणात झाड दिसलं तर मुकाट तुझ्याबरोबर निघेन. नाही दिसलं, तर हा विषय पुन्हा तोंडातून काढायचा नाही.

तो हसला. "कबूल," म्हणाला.

हसू दे! अख्खा वॉर्ड चालवलाय मी, डॉक्टरांसकट. एका झाडाने काय होतंय?

मला हे घर सोडायचं नाही. इथे स्वच्छ लिहून ठेवते, कारण कुणाजवळ बोलायला गेलं की माझा गळा भरून येतो, आणि मग लोक म्हणतात, म्हातारी हळवी झाली.

६ सप्टेंबर

झाडं कापणारा मशीनवाला येऊन झाड बघून गेला. सगळीकडेच झाडं पडलीत, महिन्याभराने जमेल म्हणे. वर "बुंधा मी नेणार, फांद्या तुम्हाला." वा! मलई त्याला आणि काड्या आम्हाला! झाड आमचं आहे, सरपणही आमचंच होणार, असं सांगून वाटेला लावलं.

संध्याकाळी सुताराकडे गेले. त्याच्या भिंतीवर दोन मुठींची लांब करवत टांगलेली असते, मला माहीत होतं. त्याने करवतीचे दात कानशीने घासून दिले. "दोघांनी फक्त ओढायची, सिस्टर. ढकलायची नाही. समोरचा ओढत असला की आपण हात सैल सोडायचा." पुढे म्हणाला, ओलं लाकूड या थंडीत काही धड जळणार नाही, फोडून रचून ठेवा, पुढच्या थंडीला कामाला येईल.

पुढची थंडी! किती बरं वाटलं ऐकून. पुढच्या थंडीची तरतूद करून बसलेल्या माणसांना कोण उठवतंय?

८ सप्टेंबर

ह्यांनी झाडाचा नकाशा काढला. खरंच! कागदावर बुंधा, फांद्या, कोणती कशावर टेकली आहे, कोणती आधी काढली तर कोणती घसरेल. मी हसले, पण बरोबर होतं ते. शेंड्याकडून सुरुवात केली. बारीक फांद्या मी कोयत्याने उडवल्या. मग करवत.

करवतीने लाज आणली. मध्येच वाकायची आणि टण्‌ वाजायची. "तू ढकलतेस," हे म्हणाले. "तुम्ही ओढत नाही म्हणून," मी म्हटलं. हवामान खातं कुंपणाला टेकून बघत होतं. बघू दे. तिकीट नाही लावलेलं.

९ सप्टेंबर

अंग ठेचून काढल्यासारखं दुखतंय. हात वर होत नाही. उद्या सुट्टी.

१४ सप्टेंबर

जमलं. कसं जमलं कळलं नाही. दुपारी एकदम लक्षात आलं की करवत आपली आपण जातेय, भुसा दोन्हीकडे सारखा पडतोय आणि आम्ही कुणीच काही बोलत नाही. ते ओढतात तेव्हा मी सोडते, मी ओढते तेव्हा ते सोडतात. लाकूड चिमटायला लागलं की हे उठून चिरेत पाचर ठोकतात आणि पुन्हा येऊन बसतात. मला फार आनंद झाला. लग्न झालं तेव्हाही आम्ही इतका वेळ एकमेकांसमोर बसलो नसू. माझ्या रात्रपाळ्या आणि ह्यांच्या कचेऱ्या.

"अजून किती दिवस लागतील?" असं आज त्यांनी आपणहून विचारलं. बघा! ज्या माणसाला भाजी आणायला तीनदा सांगावं लागतं, त्याला झाड संपवायची घाई झालीय.

१९ सप्टेंबर

फजिती. थंडीत खोली उबवायच्या आमच्या लोखंडी शेगडीच्या तोंडाचं माप मी डोळ्यांनी घेतलं होतं. "दोन विती धरा," म्हणून फर्मान सोडलं, ह्यांनी खडूने खुणा केल्या, आणि आम्ही आठवडाभर त्या मापाने ओंडके पाडले. आज सहज एक उचलून शेगडीत घालायला गेले, तर दार लागेना. सगळेच्या सगळे लांब!

ह्यांना दाखवलं. म्हणाले, "हो, लांबच आहेत."

"तुम्हाला दिसत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलायचं नाही?"

"तू ठरवून टाकलं होतंस." आणि चष्मा पुसायला लागले.

असा राग आला! वॉर्डात माझ्या हाताखालची एखादी नर्स अशी वागली असती तर तिला दारात उभी केली असती. आता तो सगळा ढीग पुन्हा कापायचा. पण नंतर न्हाणीत पाय धुताना हसूच फुटलं. डोळ्यांनी माप देणारी मी, आणि नकाशे काढणारा माणूस मुकाट खुणा करतोय.

२७ सप्टेंबर

आज ह्यांनी माझ्या डोळ्यांदेखत हवामान खात्याला हातगाडी भरून फांद्या दिल्या. चांगल्या, मनगटाएवढ्या! मी म्हटलं, अहो, काय हे? तर म्हणाले, "आपल्याला कशाला एवढं?" उदार झालाय माणूस. बुंध्याला मात्र हात लावू दिला नाही मी कुणाला.

बाकी ह्यांना नवा जोर चढलाय हे खरं. सकाळी माझ्याआधी अंगणात असतात. परवा माळ्यावरचं सगळं सामान खाली काढलं, पुसलं, निम्मं टाकून दिलं. गळका नळ दुरुस्त केला. मी वर्षानुवर्षं मागे लागले होते, ते एका झाडाने करून घेतलं. चिरंजीव म्हणतात, झेपत नाही. या म्हणावं, बघा.

५ ऑक्टोबर

आज बुंधा सुटला. 

सुताराने बजावून ठेवलं होतं, शेवटचा काप जपून. झाड मुळासकट उलटलेलं असतं, मुळांवर मातीचा एवढा मोठा गड्डा. बुंध्याचं वजन आहे तोवर तो आडवा धरलेला राहतो. वजन गेलं की उठतो. म्हणून खड्ड्याजवळ चिटपाखरू नको.

आम्ही दोघं कापाच्या बाजूला, पाय मोकळे ठेवून. अर्ध्याहून खाली गेलो असू. मी सहज मान वळवली, तर हवामान खातं खड्ड्यात उतरलेलं! मुळांखाली काय आहे ते वाकून बघतायत! मी करवत सोडली आणि वॉर्डातला आवाज काढला — "बाहेर! आधी बाहेर या!" माझा तो आवाज निघाला की सर्जनसुद्धा चपला शोधायचे. ते रांगत खड्ड्यातून वर आले, गुडघे मातीने भरलेले. आल्यावर म्हणतात, "सिस्टर, हलणार नाही ते. मी अंदाज घेतला होता."

अंदाज! ते कुंपणापलीकडे पोचेपर्यंत मी करवतीला हात लावला नाही. मग आम्ही ओढायला लागलो. कडाड्‌ झालं, हे ओरडले "सोड!", दोघं मागे झालो आणि तो गड्डा सावकाश उठायला लागला. मग एकदम. धप्पकन खड्ड्यात बसला, माती उडून माझ्या केसांत. झाडाचा खुंट सरळ उभा! वादळाआधी होता तिथेच, तस्साच, फक्त वरचं झाड नाही.

शेजाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यांच्या बायकोने पाणी आणून दिलं, आधी मला, मग त्यांना. हे कितीतरी वेळ त्या खुंटाभोवती फिरत होते. हाताने माती दाबून बसवली, आजूबाजूची भेग भरली. "आता जागा बरी दिसते," म्हणाले. मी म्हटलं, वसंतात यावर कुंडी ठेवू. ते हातांची माती झटकत आत गेले. दमले होते. मीही दमले होते. पण आज मी जिंकले आणि ते मला माहीत आहे.

१२ ऑक्टोबर

फोडणं चालू. कुऱ्हाड ह्यांची, रचणं माझं. सालीची बाजू वर, मधून वारा जायला जागा. सुतार बघून गेला. नावं ठेवायला काही सापडलं नाही त्याला, तरी शोधत होता.

१९ ऑक्टोबर

संपलं! भिंतीच्या कडेने माझ्या खांद्याएवढी रास, वर ताडपत्री. अंगण ह्यांनी झाडून लख्ख केलं, ढलपीसुद्धा शिल्लक नाही. गेटला तेल दिलं. करवत पुसून, कापडात गुंडाळून सुताराला पोचवली. संध्याकाळी आम्ही पायरीवर बसलो. हे मला म्हणाले, "छान झालं सगळं. आता मनाला काही लागून राहणार नाही." मी त्यांचा हात हातात घेतला. फोड आलेला, खरखरीत. किती दिवसांनी घेतला कोण जाणे.

२६ ऑक्टोबर

चिरंजीव आले. गेट उघडून उभेच राहिले. अंगण रिकामं, खुंट उभा, भिंतीशी सरपण. राशीभोवती फिरून आले, ताडपत्री उचलून बघितली. "कुणाला लावलं होतंत?" मी म्हटलं, तुझ्या बापाला. आणि ह्यांना विचार, त्यांनी मला लावलं.

जेवताना त्याने कबुली दिली. "आई, मी हरलो. तुम्ही दोघं इथेच राहा. पुन्हा नाही म्हणणार." मला इतका आनंद झाला की ताटातलं काही दिसेना. चक्क रडले. रडू दे, आज हळवी म्हटलं तरी चालेल.

हे जेवणावरून लवकर उठले. भूक नव्हती म्हणे. दुपारी अंगणात जाऊन बसले. पोरगा निघताना त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, बराच वेळ. मी म्हटलं, अहो, गाडी चुकेल त्याची.

किल्ला राखला! पुढच्या थंडीला या शेगडीत आमचंच झाड जळणार.

२७ ऑक्टोबर

सकाळी ह्यांनी चहाला हात लावला नाही. विचारलं तर म्हणाले, "आधी झाड आवरून होऊ दे, म्हणाली होतीस. मला वाटलं होतं, आपण निघायचं म्हणून आवरतोय."

कप उचलला, परत ठेवला. "इथली थंडी आता मला सोसवत नाही गं."

 महिनाभर हा माणूस करवतीच्या दुसऱ्या टोकाला होता, माझ्यासमोर. मी एकदाही विचारलं नाही.

फोन मी लावला. चिरंजीव "हॅलो" म्हणाले तेव्हा तो ह्यांच्या हातात दिला.