वापिशाना बोलणाऱ्या बाई

मेडनहेड, ४ मार्च २००६

चि. पूर्वीस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि निपाणीच्या शाळेतला शुक्रवारचा आवाज कानात घुमू लागला. भिंतीच्या अलीकडे आम्ही मराठी कविता म्हणत असू, पलीकडे कानडी वर्ग. अर्थ कळायचा नाही, पण त्यांची चाल ऐकायला मी मध्येच गप्प व्हायचो आणि गुरुजींची छडी खायचो.

तुझ्या अभ्यासातल्या गयानाच्या वापिशाना आणि माकुशी या भाषाही अशाच शेजारणी, एक आरावाक कुळातली, दुसरी कॅरिब. नुसत्या नावांनाच केवढा नाद! त्यातली वापिशाना रेडिंगच्या अ‍ॅग्नेस नावाच्या एका निवृत्त नर्सबाईंच्या तोंडी नांदते, हे वाचून थक्क झालो.

पण अ‍ॅग्नेसबाई गप्प झाल्या म्हणतेस. अगं, पुढ्यात दोनशे शब्दांची यादी, वर रेकॉर्डर! शाळा तपासायला दिपोटीसाहेब आले की आमचीही दातखीळ बसायची. यादी घरी ठेव. आधी आपलं काहीतरी दे.

लोभ असू दे, आणि थंडीत कानटोपीही.
तुझे आजोबा

मँचेस्टर, १९ मार्च

ती. आजोबांना,
सा. न.

ओके, तुमचं ऐकलं. अ‍ॅग्नेसबाईंच्या किचनमध्ये तुम्ही शिकवलेली नदीची कविता म्हटली. मधलं कडवं विसरले. त्या खूप हसल्या. मग म्हणाल्या, बहीण दर रविवारी गयानाहून फोन करायची, ती जानेवारीत गेली. तिकडे हजारो लोक ही भाषा बोलतात, पण माझ्याशी बोलणारं कोणी नाही. मग शब्द कुणाला देऊ, यादीला?

आजोबा, मला इतकी लाज वाटली. सुपरवायझर म्हणतात, ईस्टरपर्यंत काही मिळालं नाही तर टॉपिक बदल. बदलेन. अ‍ॅग्नेसबाईंना परत विचारणार नाही, आणि तसं त्यांना सांगून आले. निघताना त्यांनी तुमचा पत्ता मागितला. बहुतेक माझी कम्प्लेंट करायला!

खूप खूप प्रेम, आजीच्या फोटोलाही.
पूर्वी

मेडनहेड, २५ मार्च

चि. पूर्वीस,
अ. उ. आशीर्वाद.

कविता विसरलीस याचा राग नाही. न विचारण्याचं ठरवलंस, याचं मात्र मला फार कौतुक वाटलं. टॉपिक गेला तर जाऊ दे

थांब, बेल वाजली.

पूर्वी, दारात अ‍ॅग्नेसबाई! निळी हॅट, हातात केकचा डबा. इंग्रजीत एवढंच म्हणाल्या, की विचारायचं सोडून दिलेल्या मुलीला आता सांगायचंय. पुढे सगळं वापिशानात. मला एक अक्षर कळेना. मी मराठीत या, बसा म्हटलं, तर कोट काढतानाही त्यांचं बोलणं थांबेना.

पत्र मिळेल तेव्हा मिळेल. आधी फोन करतोय, उचल.