बारा फुटांचं लाइटहाउस

१० मार्च १९९१, रविवार
आजपासून करिअर सुरू. जुनी लाइटहाउसेस वाचवायची, लाइफटाइम. सुरुवात ठाण्याच्या खाडीपासून. कोळीवाड्याच्या धक्क्यावर लोखंडी खांब आहे, बारा फुटी, वर फुटका कंदील. हेच ते.
बाबा म्हणाले, "सहदेवराव, हे लाइटहाउस की म्युनिसिपालटीचा दिवा?" व्हिजनच नाही.
बाबांशी डील अशी: ३१ला मुंबईच्या 'किनारा ट्रस्ट'चे साहेब खांब बघायला येणार. त्यांनी नोकरी दिली तर ठीक, नाहीतर १ एप्रिलपासून माजिवड्याच्या कंपनीत स्टोअर्स क्लार्क. म्हणजे विषयच संपला. साहेब इम्प्रेस होणारच.

१७ मार्च
पहाटे निघणार होतो. दुपारी पोचलो. खांब घासला. (अर्धा.) मासळीवाली हौसाबाई ओरडली, "अरं ए चष्मेवाल्या, त्या खांबाशी लगीन हाय काय रं तुझं?" सगळ्या हसल्या. मी हेरिटेजवर पाच मिनिटं बोललो. बोंबील साफ करणं कोणी थांबवलं नाही. रिस्पॉन्स पॉझिटिव्ह.

२२ मार्च, शुक्रवार
गंजावर प्रायमर मारला. रंग जरा शेंदरी आहे, पण हा फक्त अंडरकोट. उद्या वर व्हाइट.

२३ मार्च, शनिवार
खांबाला रुईच्या पानांची माळ. वरून तेल ओतलेलं. गंजाला तेल चांगलंच. पब्लिक पार्टिसिपेशन!
व्हाइटचा डबा उघडला तर होडीवाले नामाकाका धावत आले. "हात नको लावू रं! मारुती परगटलाय." म्हटलं, काका, हा रंग कालच मी लावलाय. म्हणाले, "त्यानंच लावून घेतला तुझ्याकडनं."
व्हाइट नंतर मारू.

२७ मार्च
खांबाभोवती चौथरा. वर पत्रा. वेदर प्रोटेक्शन म्हणून ओके. नामाकाका पुजारी झालेत. मला चपला काढायला लावल्या. सँडपेपर आत न्यायला बंदी. लोकल टीम थोडी कडक आहे.

३० मार्च
हनुमान जयंती. धक्क्यावर पाय ठेवायला जागा नाही. भारतात कुठल्या लाइटहाउसला एवढी गर्दी होते? साहेब बघतच राहतील.

३१ मार्च
साहेब आले. म्हटलं, सर, हेच ते लाइटहाउस. त्यांनी बूट काढले, डोकं टेकलं आणि नामाकाकांना विचारलं, "नवसाला पावतो का?"
"आजून तरी कोणी रिकाम्या हातानं गेला नाय, सायेब."
साहेब मुलीच्या लग्नाचं बोलले, प्रसाद घेतला, गाडीत बसले. नोकरीचं विचारायचं राहिलं. फोन करतील.

१ एप्रिल
माजिवड्याला जॉइन झालो. टेंपररी.
घरी आलो तर आई दारातच नारळ घेऊन उभी. म्हणाली, "आत्ताच्या आत्ता धक्क्यावरच्या मारुतीला जा नि फोडून ये. तुझं वेड जाऊन तू नोकरीला लाग, म्हणून मागच्या आठवड्यात बोलून आलेय."
रांगेत उभा राहिलो. नंबर आला तेव्हा नामाकाका म्हणाले, "लांबनंच रं, पोरा."
नारळ फोडला. वर बघितलं. कंदील अजून फुटकाच.