लाल पिल्लं रोहूची नाहीत

बाबा,

मी प्रयोगशाळेत जाते आहे. हौदातलं मत्स्यबीज मी येईपर्यंत बोडीत सोडू नका. काल तुम्ही देवाजीकाकांना म्हणालात, "माह्या रोहूले पिल्लं झाले गा!" तुमचा आनंद पाहून मी गप्प राहिले. पण रोहू बोडीसारख्या तळ्याच्या साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाही. ज्याला तुम्ही रोज मुरमुरे टाकता, तो लाल घोळका मरळीच्या पिल्लांचा आहे. खाली त्यांचे आईबाप राखण करतात. ते आपलं सगळं बीज गिळून टाकतील. संध्याकाळी दोघं मिळून जाळं टाकू.

देवाजीकाकांनी विचारलंच, तर पोरीनं मासा चुकीचा ओळखला म्हणून सांगा. मी मान खाली घालून उभी राहीन. फक्त तेव्हा मला हसवू नका.

तुमची,
जयवंता