कंदिलाची आठवी पाकळी

मिस्त्री, तुम्हाला जाऊन वीस वर्षं तरी झाली असतील, मी नेमकी मोजलेली नाहीत. मी काही पत्रं लिहिणारा माणूस नाही. सातवीतून शाळा सुटली, कंपनीत तुमच्या हाताखाली होतो तेव्हा रजेचा अर्जसुद्धा दुसऱ्याकडून लिहून घ्यायचो, ते तुम्हाला माहीत आहे. पण जे सांगायचं आहे ते ऐकून घेणारं इथे कुणी उरलेलं नाही. शेजाऱ्याला अर्धा मिलिमीटर फरक येतोय म्हणून सांगितलं तर तो म्हणाला, "काका, अर्ध्या मिलिमीटरनं काय होतंय?" आणि लिफ्टमध्ये शिरला. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर चढवून एवढंच विचारलं असतंत, "कंच्या बाजूला?"

मी आता रहाटणीत राहतो, दोन खोल्यांत. बायको गेली त्याला तीन वर्षं झाली. मुलगा परदेशात आहे. जाताना त्याने मला लेसर कटिंगचं एक लहान मशीन घेऊन दिलं, बाबा रिकामे बसून काळज्या करतात म्हणून. स्वस्तातलंच आहे. एका आडव्या पट्टीवर त्याचं डोकं डावी-उजवीकडे धावतं, त्याला ओढायला दात्यांचा एक रबरी पट्टा, आणि खाली पातळ प्लायवूड ठेवलं की उजेडाच्या टाचणीने ते कापत जातं. ना लोखंडाच्या चिप्स, ना गार करायला कूलंट. तुम्ही त्याला खेळणंच म्हणाला असता. धूर खिडकीतून बाहेर सोडावा लागतो, म्हणून ते स्वयंपाकघरात ओट्याशेजारी मांडलं आहे. वरच्या मजल्यावरच्या बाई खिडकीतून ओरडतात, "काका, आज परत काय करपवलंत?" दिवसातून तेवढंच बोलणं झालं तरी मला बरं वाटतं.

या मशीनवर मी सांगवीच्या एका बाईंसाठी आकाशकंदिलाचे भाग कापतो. त्या ते पाकिटात घालून विकतात, घेणाऱ्याने घरी जोडायचे. खाली-वर दोन गोल चकत्या, प्रत्येक चकतीला आठ खाचा, आणि त्या खाचांत बसणाऱ्या आठ पाकळ्या. गोंद नाही, खिळा नाही. खाच जागेवर असली तरच कंदील उभा राहतो. मी त्यांना ताई म्हणतो, त्या मला काका म्हणतात. माझ्या दारातून कामासाठी का होईना, आत येणारं ते एकच माणूस आहे. म्हणून दसरा झाला आणि मशीन चुकायला लागलं तेव्हा ताई यायच्या थांबतील, हीच भीती आधी वाटली. सहा पाकळ्या बसायच्या, सातवी तिरकी राहायची, आठवी आत जायचीच नाही. ताई पहिला गठ्ठा परत घेऊन आल्या आणि खुर्चीवर बसून माझ्यासमोर एक कंदील जोडून दाखवला. "बघा काका, नाकात बोट घातल्यासारखा दिसतोय की नाही?" मला हसू आलं नाही. त्या म्हणाल्या, "चाकणला एकाकडे मोठं मशीन आहे. मला तिकडं जायचं नाहीये. पण दिवाळी माझ्यासाठी थांबणार आहे का?"

त्यानंतर मी जे केलं ते तुम्ही पाहिलं असतं तर मला टूलरूमच्या बाहेर उभं केलं असतंत. घाबरलो की माझा हात आधी चालतो, डोकं नंतर. मी भिंग पुसलं, पट्टा ताणला, चारही पायांखाली कागदाच्या घड्या घातल्या, हे सगळं एकाच सकाळी. शंभर मिलिमीटरचा चौकोन साडेनव्व्याण्णव येतो म्हणून कॉम्प्युटरमधला आकडासुद्धा वाढवला. मग डावीकडचे तुकडे जवळपास बरोबर आले आणि उजवीकडचे मोठे झाले. पट्टा इतका ताणला होता की मोटर कण्हायला लागली. ताई दुसऱ्यांदा आल्या, तिसऱ्यांदा आल्या. प्रत्येक वेळी भांडत होत्या, पण भांडताना चहा घेत होत्या. तिसऱ्यांदा तर त्यांनी स्वतःच आल्याचा तुकडा शोधून किसला आणि म्हणाल्या, "तुमचा चहा म्हणजे गरम पाणी असतं हो, काका." अर्धा तास त्या बसल्या. सुनेचं बोलल्या, गुडघ्याचं बोलल्या. जाताना म्हणाल्या, "शनिवारपर्यंत. मग मला नावं ठेवू नका."

त्या गेल्यावर मी मशीनसमोर स्टूल ओढून बसलो आणि मला तुमची ग्राइंडरवरची ती दुपार आठवली. जॉब एका टोकाला बारीक होऊन टेपर येत होता आणि मी एका दमात तीन स्क्रू पिळले होते. तुम्ही माझ्या हातातला पाना काढून घेतलात. "घाई सासरी जायची हाय का तुला? एक स्क्रू पीळ, मग माप घे. तीन पिळल्यावर कुणाचा दोष, ते तुला देव बी सांगणार न्हाई." मग तुम्ही तिन्ही स्क्रू होते तिथे परत आणायला लावले, आणि तोवर समोर उभे राहून तंबाखू मळत होतात.

मी तेच केलं. आकडा पूर्वीचा घातला, घड्या काढल्या, पट्टा सैल करून पहिल्यासारखा केला. मग एकाच प्लायवर नऊ ठिकाणी सारखाच लहान चौकोन कापला, प्रत्येकावर पेन्सिलीने नंबर टाकला आणि व्हर्नियर घेऊन मापायला बसलो. सहा चौकोन चोख. चुकलेले तिन्ही एका उभ्या ओळीतले, डाव्या भिंतीपासून सारख्याच अंतरावरचे. म्हणजे सगळं मशीन चुकत नव्हतं, एका जागी अडत होतं. मी वीज बंद करतो, डोकं बोटाने हळूहळू सरकवतो, आणि त्या जागी आलं की बोटाला बारीक टक् लागतं. पट्टा उलटा करून बघतो तर दोन दात्यांच्या मधे कुंकू लागलेला तांदळाचा एक दाणा चेपून बसलेला. तो मोटरच्या चाकावर आला की पट्टा उचलला जायचा आणि डोकं तेवढ्यापुरतं पुढे सरकायचं.

ती अक्षत माझीच होती. खंडेनवमीला मशीनची पूजा मी केली होती. पूर्वी बायको करायची, चिमूटभर वाहायची आणि बाजूला व्हायची. ती गेल्यावर पूजा राहूनच गेली; यंदा केली, तर मी एकटाच, आरतीला टाळी वाजवायलासुद्धा कुणी नाही, तेव्हा मला वाटलं निदान अक्षता तरी भरपूर वाहाव्यात. ओंजळभर टाकल्या. मिस्त्री, हीच चूक मी तुमच्याकडे पहिल्या वर्षी केली होती. लेथवर मूठभर फेकल्या आणि तुम्ही सगळ्या शिफ्टसमोर म्हणालात, "लगीन हाय का मशीनचं? आता एकेक दाना येच." बाकीचे पेढे खात होते आणि मी लेथच्या बेडवर वाकून चिमट्याने तांदूळ वेचत होतो. माझा पेढा तुम्ही कागदात बांधून लॉकरमध्ये ठेवला होता. संध्याकाळी दिलात. त्यानंतर कंपनीत चौतीस वर्षं मी दर खंडेनवमीला मशीनच्या टपावरच चिमूटभर अक्षता वाहिल्या. यंदाच कसा विसरलो? वय म्हणावं, की एकटेपणा? दोन्हीची मला भीती वाटते.

दाणा टाचणीने काढला, पट्टा ब्रशने झाडला आणि पुन्हा कापून पाहिलं. आठवी पाकळी अशी बसली की बसल्याचा आवाज आला. तेव्हा मला फार आनंद झाला. मी स्वयंपाकघरात उभा राहून "बसली" असं मोठ्याने म्हणालो. मग कुणाला सांगावं ते सुचेना. मुलाला फोन लावला, त्याच्याकडे सकाळ होती, तो म्हणाला, "छान, बाबा. मीटिंगमध्ये आहे."

दोन दिवसांत सगळा माल कापून झाला. शनिवारी ताई आल्या, उभ्यानेच एक कंदील जोडला आणि टाळी वाजवली. "काका, मानलं तुम्हाला!" मी गॅसवर आधण ठेवलं होतं, आलं किसून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "आज बसत नाही हं, रिक्षा थांबवलीय खाली." सगळं मिळून पाच मिनिटं. चहा मी एकट्यानेच घेतला, दोन्ही कप.

आता जे लिहितोय त्यासाठीच खरं तर हे सगळं लिहायला घेतलं. माल बांधायच्या आधी मी एक चकती वेगळी कापली होती. कॉम्प्युटरमध्ये तिची एक खाच बाजूला सरकवली आणि ती गठ्ठ्यात मधे घातली. ताई ती परत घेऊन येतील, खुर्चीवर बसतील, चार शब्द भांडतील, एवढंच मनात होतं. मग झोप लागेना. ती कुणा गिऱ्हाइकाच्या पाकिटात गेली तर? ऐन दिवाळीत लहान पोरांसमोर कंदील जोडता आला नाही तर? मंगळवारी न राहवून मीच फोन केला.

"ताई, सगळं बसतंय ना?"

"एकच चकती खराब निघाली, टाकून दिली. तुम्ही जास्तीच्या घातल्यात ना चार!"

"आणून दाखवता का? बघतो काय झालं ते."

"अहो, एका चकतीसाठी सांगवीहून कुठं येऊ? टेन्शन घेऊ नका, काका. पुढच्या वर्षी भेटूच."

तुमचा मुलगा अजून भोसरीतच राहतो. हे त्याला वाचायला द्यावं, असं सुरुवातीला मनात होतं. आता देणार नाही. तुमच्या हाताखाली मी पुष्कळ जॉब बिघडवले, काही घाईने, काही भीतीने, पण जाणूनबुजून एकही नाही. हा पहिलाच. आणि तोही नीट मन लावून केला, मिस्त्री. खाच एक मिलिमीटर सरकवायची होती, ती मी व्हर्नियर लावून दोनदा तपासली होती. बरोबर एक मिलिमीटर होती.